पदकावरील वधू आणि हुंड्यांतील मुंबई

जुन्या घरांतील माळ्यावर किंवा फडताळांत हात घातला, तर एखादें पितळेचें पातेलें, चांदीची वाटी, अथवा जाड स्टीलचें ताट असें हातीं लागतें कीं, ज्याच्या कांठावर बारीक ठिपक्यांनीं अक्षरें कोरलेलीं असतात. कोणाच्या विवाहाप्रीत्यर्थ, कोणाकडून आणि कोणत्या दिवशीं, एवढा मजकूर त्या चिंचोळ्या जागेंत बसविलेला असतो. तांबाकांट्यावर भांडें घ्यावें आणि त्यावर तेथेंच नांव घालून घ्यावें, हा गिरगांवांतल्या व दादरच्या किती तरी घरांचा परिपाठ होता. आतां भांड्यांची जागा पाकिटांनीं घेतली आहे. परंतु तीं नांवें घातलेलीं भांडीं अजून घरोघर आहेत, आणि ज्यांच्या लग्नाचीं तीं, त्यांतील पुष्कळ माणसें मात्र नाहींत. लग्न हें दोन दिवसांचें, पण धातु पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. म्हणून आठवण धातूवर सोपवावी, अशी ही साधी मानवी बुद्धि आहे.

हीच बुद्धि युरोपांतील राजघराण्यांस सुमारें पावणेसहाशें वर्षांपूर्वीं सुचली आणि तींतून लग्नाच्या स्मारकपदकांची एक स्वतंत्र कलाच तिकडे जन्मास आली. विषय परका वाटेल, आणि मुंबईकर वाचकांना त्याचें काय, असा प्रश्नहि कोणी करील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, अशाच एका राजविवाहांत मुंबई स्वतः हुंडा म्हणून दिली गेली, आणि त्या लग्नाचीं पदकें आजहि युरोपांतील संग्रहांतून पाहावयास मिळतात. आपल्या गांवाच्या पत्रिकेंत ज्या लग्नाचा योग लिहिलेला आहे, त्याचें पदक कसें होतें, त्यावर काय कोरलें आणि काय वगळलें, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम पदक म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. नाणें हें चलनासाठीं. त्याचें वजन आणि मोल सरकारनें ठरविलेलें असतें. पदकास बाजारांत मोल नाहीं. तें देण्यासाठीं, ठेवण्यासाठीं आणि हातांत फिरवून पाहण्यासाठीं असतें. एका बाजूस मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस एखादें रूपक, ही त्याची ठरलेली मांडणी. ही पद्धत इटलींत पिसानेल्लो नांवाच्या चित्रकारानें १४३८ च्या सुमारास घालून दिली. तो मेणाचा नमुना घडवी, त्यावरून सांचा करी आणि त्यांत धातु ओती. पुढें सोळाव्या-सतराव्या शतकांत पोलादी ठसे आणि मळसूत्राचा दाब आला, तेव्हां एकाच पदकाच्या पुष्कळ प्रती निघूं लागल्या. राजे-रजवाड्यांस व वकिलांस सोन्याचें, सरदारांस चांदीचें, इतरांस तांब्या-कांशाचें, अशी पायरीपायरीची वाटणी होई. आपल्याकडील आहेरांत मानापानाची जी चढउतार असते, तीच तेथेंहि होती असें दिसतें.

ह्याच पिसानेल्लोनें १४४४ सालीं फेराराचा अधिपति लिओनेल्लो देस्ते याच्या विवाहाचें पदक केलें. लिओनेल्लो म्हणजे छोटा सिंह. म्हणून पदकाच्या मागील बाजूस एक सिंह उभा आहे, आणि पंख असलेला बाल मदन त्याच्यापुढें स्वरलिपीचा कागद धरून त्यास गाणें शिकवीत आहे. बळानें कोणास न वांकणारा सिंह प्रेमानें गाऊं लागला, असा हा गोड विनोद आहे. परंतु ह्या पदकावरील अक्षरें वाचूं लागलें म्हणजे आपण थबकतों. वराचें नांव आहे, त्याच्या पदव्या आहेत, आणि आरागॉनच्या राजाचा जांवई असें सांगणारीं चार-पांच आद्याक्षरेंहि आहेत. ज्या मरियेशीं त्याचें लग्न झालें, तिचें मात्र नांव नाहीं. लग्नाचें पदक, आणि त्यावर सासरा आहे, वधू नाहीं! विवाह कोणाचा कोणाशीं झाला, हें कारागिरास त्या अक्षरांपेक्षां अधिक स्पष्ट सांगतां आलें नसतें. तो एका घराण्याचा दुसऱ्या घराण्याशीं झाला होता.

तथापि सर्वच पदकें अशीं नव्हतीं. बर्गंडीची मारी ही आपला बाप रणांत पडल्यावर विसाव्या वर्षीं विस्तीर्ण नेदरलंडची वारसदार झाली, आणि त्याच सालीं, म्हणजे १४७७ मध्यें, तिचें लग्न ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनशीं झालें. ह्या जोडप्याचें जोव्हान्नी कांदिदा यानें केलेलें पदक प्रसिद्ध आहे. त्यांत एका बाजूस तो आहे, दुसऱ्या बाजूस ती. येथें रूपक नाहीं, देव नाहींत. केवळ दोन तरुण मुखें एकमेकांस पाठ देऊन एकाच धातूंत कायमचीं जोडलेलीं आहेत. वधूपाशीं स्वतःचें राज्य असलें म्हणजे तिला पदकाची एक सबंध बाजू मिळते, असेंहि कोणी ह्यावरून म्हणेल. पांच वर्षांनीं मारी घोड्यावरून पडून वारली. राज्य नवऱ्याच्या वंशाकडे राहिलें.

सतराव्या शतकांत हा प्रघात फारच वाढला. १६२५ सालीं इंग्लंडचा पहिला चार्ल्स आणि फ्रान्सची राजकन्या हेन्रिएट्टा मरिया यांचा विवाह झाला, तेव्हांच्या लहानशा चांदीच्या पदकावर मदन फुलें उधळीत आहे. तीं फुलें दोन तऱ्हेचीं आहेत, फ्रान्सचीं कमळिनी आणि इंग्लंडचे गुलाब. पुढें १६४१ सालीं ह्याच दांपत्याची कन्या मेरी हिचें ऑरेंजच्या विल्यमशीं लग्न लागलें. त्याचीं डौलदार, भरघोस कोरीव पदकें निघालीं. त्यांवर वधूवर हातांत हात देऊन शोभतात. वधूचें वय त्या वेळीं नऊ वर्षांचें होतें आणि वर पंधराव्या वर्षांत होता. बालविवाह ही केवळ आपल्याकडची रूढि होती असें मानणाऱ्यांनीं हें पदक अवश्य पाहावें. पदकावर मात्र वय कळत नाहीं. धातूंत सर्वच वधू प्रौढ आणि प्रसन्न असतात.

आतां आमच्या लग्नाकडे वळूं. पोर्तुगालनें १६४० सालीं स्पेनचें जोखड झुगारून दिलें होतें; परंतु स्पेन हें मान्य करीत नव्हता, आणि पूर्वेकडे डचांनीं पोर्तुगीजांचीं ठाणीं एकामागून एक हिसकावण्याचा सपाटा चालविला होता. सिलोन १६५८ पर्यंत गेलें. १६५९ त फ्रान्स आणि स्पेन यांचा तह झाला आणि पोर्तुगाल एकटा पडला. अशा वेळीं ज्याच्यापाशीं आरमार आहे असा जांवई शोधणें हाच एक मार्ग राज्यकारभार पाहणाऱ्या विधवा राणी लुईझा हिला दिसला. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स नुकताच, १६६० सालीं, गादीवर परतला होता. त्याची तिजोरी रिकामी होती. एकास बळ हवें होतें, दुसऱ्यास पैसा. ता. २३ जून १६६१ रोजीं करार झाला. कन्या कॅथरिन हिच्याबरोबर वीस लक्ष क्रुझादो रोख, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टांजिर शहर, आणि कराराच्या अकराव्या कलमानें मुंबईचें बंदर व बेट हीं द्यावयाचीं ठरलीं. बेटावरील लोकांस आपला कॅथलिक धर्म पाळण्याची मोकळीक राहील, असेंहि त्याच कलमांत घातलें होतें. बेटावरच्या कोळ्यांस, भंडाऱ्यांस, आगऱ्यांस व प्रभूंस हें कोणी विचारलें नाहीं, हें सांगावयास नकोच. खुद्द लंडनच्या मुत्सद्द्यांसहि मुंबई कोठें आहे याचा नीटसा पत्ता नव्हता. मुख्य प्रधान क्लॅरेंडन याच्या लिखाणांत ती ब्राझीलच्या जवळपास येऊन बसली आहे.

लग्न ता. २१ मे १६६२ रोजीं, तेव्हांच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणें, पोर्टस्मथ येथें लागलें. आधीं वधूच्या धर्माप्रमाणें गुपचूप, आणि मग वराच्या पंथाप्रमाणें उघड, असे दोन विधि झाले. वधू तेवीस वर्षांची, वर बत्तिशीच्या उंबरठ्यावर. रोख रकमेचें मात्र लग्नापूर्वींच हसें झालें होतें. तिला न्यावयास आलेला लॉर्ड सँडविच लिस्बनला पोंचला, तों पैसे तयार नाहींत असें त्यास सांगण्यांत आलें. ठरलेल्या पहिल्या निम्म्या रकमेपोटीं साखर, मसाले आणि हुंड्या जहाजांवर चढविण्यांत आल्या. लग्नांत ऐनवेळीं हुंड्यावरून जी बोलाचाली होते, तिचें वर्णन आपल्या जुन्या नाटकां-कादंबऱ्यांतून पुष्कळ आहे. राजवाड्यांतहि ती तशीच होते, एवढाच काय तो बोध.

ह्या विवाहाचीं पदकें जॉन रॉटिये यानें केलीं. हा अँटवर्पचा, बाप आणि भाऊ ह्याच धंद्यांतले. चार्ल्सनें त्यास नुकतेंच लंडनच्या टांकसाळींत आणविलें होतें. त्याच्या एका पदकावर पुढील बाजूस राणीचें मुख आहे; केस मोकळे, वस्त्र सैल, मुद्रा गंभीर. मागील बाजूस संत कॅथरिन उभी आहे. अलेक्झांड्रियाच्या ह्या कुमारीस चाकाला बांधून मारावयाचें होतें, परंतु चाकच मोडून पडलें, अशी ख्रिस्ती पुराणांतील कथा आहे. म्हणून तिच्याजवळ तें मोडकें चाक, हातांत तलवार आणि हुतात्म्यांचें चिन्ह म्हणून ताडाची फांदी आहे. भोंवतीं लॅटिन अक्षरांत 'पिएताते इन्सिग्निस' असें लिहिलें आहे. म्हणजे भक्तीनें शोभणारी.

नववधूच्या पदकावर हुतात्म्याचें चित्र घालावें, यांत कारागिराचा हेतु केवळ नांवाचा मेळ घालण्याचा होता. परंतु पुढील इतिहास ठाऊक असणाऱ्यास तें चाक निराळेंच बोलूं लागतें. लग्नास फार दिवस लोटले नाहींत तोंच राजानें आपल्या प्रीतींतल्या बाईची नेमणूक राणीच्याच खासगी परिवारांत केली. राणीनें तिचें नांव यादींतून खोडलें. राजानें तें हट्टानें पुन्हां घातलें. आणि परमुलुखांत एकट्या पडलेल्या त्या बाईस अखेर नमावें लागलें. तिला मूल झालें नाहीं. तिच्या धर्मावरून तिच्याविरुद्ध कारस्थानें झालीं. लग्नास पांच वर्षें झालीं असतां, १६६७ सालीं, ह्याच रॉटियेनें ब्रेडाच्या तहाचें पदक केलें. त्यावरील ब्रिटानियादेवीस राजाच्या मनांत भरलेल्या दुसऱ्याच एका सरदारकन्येचें, फ्रान्सिस स्ट्यूअर्टचें, मुख दिलें आहे, हें त्या वेळच्या लंडनकरांनीं ओळखलें होतें. राणी संताच्या रूपानें एका पदकावर, आणि राष्ट्राची देवता दुसरीच्या रूपानें दुसऱ्या पदकावर! चार्ल्स १६८५ त वारला. कॅथरिन १६९२ सालीं माहेरीं परतली. तेथें मात्र भावाच्या आजारपणांत तिनें राज्यकारभार समर्थपणें चालविला, आणि ३१ डिसेंबर १७०५ रोजीं ती लिस्बन येथें निवर्तली. इंग्लंडच्या दरबारांत चहाची आवड हिनें रुजविली असें सांगतात. सकाळच्या चहाच्या वेळीं मुंबईकरानें ह्या आपल्या हुंडेवालीची एकदां आठवण करावी.

आतां इकडचा पक्ष. लग्नाच्याच वर्षीं, सप्टेंबर १६६२ मध्यें, मार्लबरोचें आरमार आणि सर अब्राहम शिपमन यांच्या हुकमतींतील सुमारें चारशें शिपाई मुंबईच्या बंदरांत येऊन उभे राहिले. पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो दि मेलो दि कास्त्रो यानें बेट देण्याचें नाकारलें. कागदांतील उणीवा काढल्या, आणि बेट म्हणजे नेमकें कोठपर्यंत, हा वाद उपस्थित केला. इंग्रज मुंबईंत बसले त्या दिवशीं हिंदुस्थान आपल्या हातचा गेला असें समजावें, अशा अर्थाचें त्यानें आपल्या राजाला लिहिलें. त्याचा हा तर्क कांहीं अगदींच खोटा ठरला नाहीं. शिपमनच्या फौजेस उतरावयास दुसरी जागा नव्हती. ती कारवारजवळच्या अंजदीव बेटावर गेली. तेथें ताप आणि उपासमार यांनीं शिपाई मेले. १६६४ त शिपमनहि मेला. चारशांपैकीं सुमारें शंभर उरले. एका लग्नाच्या आहेराची ही किंमत आहे. ती कोणत्याहि पदकावर कोरलेली नाहीं.

अखेर ता. १८ फेब्रुवारी १६६५ रोजीं शिपमनचा चिटणीस हंफ्री कुक यानें बेटाचा ताबा घेतला. हा विधि दोना इग्नेझ दि मिरांदा ह्या विधवा बाईच्या वाड्यांत झाला. आज फोर्ट भागांत नौदलाच्या 'आंग्रे' तळाच्या आवारांत जो जुना किल्ला आहे, तो त्याच वाड्याभोंवतीं पुढें उभा राहिला. ताब्याच्या कागदांत लिहिलें आहे कीं, कुक त्या भूमीवर चालला, त्यानें हातांत माती आणि दगड घेतले, बुरुजांवर फिरून भिंतींना हात लावले. कन्यादानाचें उदक आपल्याकडे हातावर सोडतात. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें भूमीचें दान हातांत माती देऊन पुरें होई. लंडनमध्यें सोन्या-चांदीचें पदक, आणि मुंबईंत ओंजळभर माती! एकाच लग्नाच्या ह्या दोन आठवणी आहेत, आणि आम्हांस दुसरी अधिक खरी वाटते.

ती माती कसली होती, हेंहि पाहिलें पाहिजे. मुंबई म्हणजे त्या वेळीं खाड्यांनीं तोडलेलीं बेटें. माडांच्या वाड्या, मिठागरें, भातखाचरें, आणि कोळीवाडे. वस्ती सुमारें दहा हजार असावी असा अंदाज करितात. गिरगांव नारळीच्या बागांचें, परळ जेझुइट पाद्र्यांच्या मठाचें. माहीम, शीव, धारावी, वडाळा हीं मुंबईंत मोडत नाहींत असें पोर्तुगीजांचें म्हणणें होतें. पण कुकनें लवकरच माहीम बळकाविलें. परळचा तो मठहि कालांतरानें इंग्रजांनीं घेतला. तेथें गव्हर्नरांचें निवासस्थान झालें, आणि १८९९ पासून तेथेंच हाफकिन संस्थेचें काम चालत आलें आहे. लालबागेंतून परळकडे जाणाऱ्या मनुष्यास आपण एका राजकन्येच्या आंदणांतून चाललों आहों, अशी शंकाहि येत नाहीं.

राजास मात्र हें आंदण पेलवेना. त्याच्या संरक्षणाचा खर्च उत्पन्नाहून जास्त होऊं लागला. तेव्हां ता. २७ मार्च १६६८ च्या सनदेनें त्यानें तें ईस्ट इंडिया कंपनीस सालीना दहा पौंड खंडानें देऊन टाकिलें, आणि कंपनीकडून पन्नास हजार पौंडांचें कर्ज घेतलें. सासऱ्याकडून आलेली वस्तु सावकाराच्या घरीं जाण्यास सहा वर्षें पुरलीं. पुढें गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याच्या वेळीं, १६७२ सालीं, बेटावरील जमीनदारांशीं ठराव होऊन त्यांनीं दरसाल वीस हजार शेराफीन कंपनीस द्यावे आणि कंपनीनें त्यांच्या जमिनी निर्वेध मानाव्या, असें ठरलें. म्हणजे हुंड्यांत गेलेल्या लोकांस आपलीच जमीन आपल्याकडे राहावी म्हणून वर्षानुवर्षें पैसे मोजावे लागले. वधूपक्षानें हुंडा दिला, वरपक्षानें तो घेतला, आणि त्याचा हप्ता भरला तो तिसऱ्यानेंच.

मध्यंतरीं, १६७० सालीं, रॉटियेनें त्याच दांपत्याचें आणखी एक पदक काढलें. पुढील बाजूस राजा आणि राणी यांचीं मुखें एकापुढें एक, अर्धवट झांकलेलीं. भोंवतीं चार्ल्स आणि कॅथरिन, राजा व राणी, अशा अर्थाचीं अक्षरें. मागील बाजूस ना मदन, ना फुलें, ना मोडकें चाक. तेथें पृथ्वीचा गोल आहे, आणि वर लिहिलें आहे, 'दिफ्फूसुस इन ऑर्बे ब्रिटान्नुस'. म्हणजे ब्रिटन जगभर पसरला. लग्नाच्या पदकावर हुंड्याची वाच्यता नव्हती. आठ वर्षांनीं, देण्याघेण्याची लाज सरून तिचा अभिमान झाल्यावर, हुंडा पदकावर आला. आणि तोहि नांवानें नव्हे, तर जगाच्या गोलांतील एक कण म्हणून. राणीचें मुख येथें आहे, परंतु तें आतां वधूचें नव्हे. ज्या दस्तऐवजानें मुलुख मिळाला, त्यावरील मोहोरेसारखें तें झालें आहे.

इकडे मुंबईंत कंपनीनें टांकसाळ घातली होती. तिच्या १६७७ सालच्या रुपयावर 'मुंबईचा रुपया' अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि तो दुसऱ्या चार्ल्सच्या अधिकारानें पाडल्याचें लिहिलें आहे. पदकावर राणी आहे, मुंबई नाहीं. नाण्यावर मुंबई आहे, राणी नाहीं. ज्या दोघींची एका करारांत अदलाबदल झाली, त्यांची गांठ धातूवर कोठेंच पडूं दिलेली नाहीं.

आमचा हेतु ह्या पदकांची निंदा करण्याचा नाहीं. रॉटियेचा हात विलक्षण होता. पिसानेल्लोचा गाणारा सिंह पाहून ज्याच्या मुखावर स्मित येणार नाहीं, असा मनुष्य विरळा. आमचें म्हणणें एवढेंच कीं, लग्नाची आठवण जो धातूवर उमटवितो, तो काय ठेवावें आणि काय टाकावें हें आधींच ठरवितो. आणि पुढील पिढ्या त्यासच सत्य समजतात. आपल्या राजांनीं अशीं पदकें काढलीं नाहींत. १७८३ सालीं पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांचें लग्न झालें. त्याची आठवण राहिली आहे ती नाना फडणविसांच्या वेळच्या व्यवस्थेच्या यादींतून. पंक्ति कशा मांडाव्या, कोणाचा सत्कार कसा करावा, काय वाढावें, असा बारीक तपशील तींत आहे. कागद धातूहून नाजूक खरा, परंतु खर्च सांगण्यास तो लाजत नाहीं. पदक शोभा सांगतें, याद हिशेब सांगते. दोन्ही एके ठिकाणीं ठेविलीं, तरच लग्न समजतें.

ही गोष्ट राजांपुरती नाहीं. भांड्यावरील त्या ठिपक्यांच्या अक्षरांकडे आतां पुन्हां पाहावें. त्यांत देणाऱ्याचें नांव ठळक असतें. वधूचें नांव असलेंच तर बहुधा नवें, सासरचें. ज्या नांवानें ती वीस-बावीस वर्षें माहेरीं हांक ऐकत आली, तें त्यांत नसतें. त्या लग्नासाठीं कोणी किती कर्ज काढलें, कोणाच्या पाटल्या मोडल्या, कोणत्या भावाचें शिक्षण अर्धवट राहिलें, याला त्या कांठावर जागा नाहीं. घरांतील वडीलधाऱ्या बाया तें सारें जाणतात, आणि त्यांच्याबरोबर तें जातें. मागें उरतें तें घांसून लख्ख ठेविलेलें ताट.

मुंबई ज्या करारानें हुंड्यांत गेली, तो १६६१ चा. हुंडा देणें आणि घेणें हा गुन्हा ठरविणारा भारताचा कायदा १९६१ चा. ह्या दोहोंमध्यें बरोबर तीनशें वर्षें आहेत, हा केवळ योगायोग होय. परंतु मनांत घर करून राहावा असा आहे. कायदा झाला, तरी हुंडा निरनिराळीं नांवें घेऊन मांडवांत येतोच. कधीं घराची मदत म्हणून, कधीं मुलीच्या हौसेसाठीं म्हणून. त्याचीं पदकें कोणी काढीत नाहीं, आणि याद्याहि आतां कोणी ठेवीत नाहीं. म्हणून आमची वाचकांस एक साधी विनंति आहे. घरांतील अशीं नांवें घातलेलीं भांडीं मोडींत काढण्यापूर्वीं त्यांवरील मजकूर एका वहींत उतरून घ्यावा. ज्या लग्नाचें तें भांडें, त्यांतील वधूचें माहेरचें नांव घरच्या वृद्धांस विचारून त्यापुढें लिहावें. आणि त्या लग्नासाठीं कोणी काय दिलें व कोणी काय सोसलें, हें जेवढें कळेल तेवढें, संकोच न धरतां, त्याखालीं लिहून ठेवावें.